पापलेट आणि हलवा : दिसायला भावंडं, पण घराणी वेगळी!

ठाणे असो, कल्याण असो की डोंबिवली, मासळी बाजारात हे दोन चपटे मासे हमखास दिसतात. रुपेरी तो पापलेट, काळसर तो हलवा. इंग्रजीत दोघांनाही ‘पॉम्फ्रेट’च म्हणतात, एक सिल्व्हर आणि दुसरा ब्लॅक. त्यामुळे हलवा म्हणजे काळा पापलेट, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात दोघांचं नातं फार लांबचं आहे.

घराणं ठरतं कसं?

गळ्यावरून! पापलेटच्या कल्ल्यांमागे, अन्ननलिकेच्या सुरुवातीला जाड स्नायूंची पिशवी असते. तिच्या आतल्या बाजूला दातांसारखे उंचवटे असतात. जेलीफिशसारखं मऊ खाद्य त्यात भरडलं जातं. हलव्याला अशी पिशवी नसते.

मग अशी पिशवी आणखी कोणाला असते? किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात राहणाऱ्या ‘ड्रिफ्टफिश’ना. त्यांची पिल्लं अनेकदा जेलीफिशच्या खाली आसरा घेतात. त्यांच्यातली ‘क्युबिसेप्स’ ही प्रजाती १८४३ मध्ये रिचर्ड लोव यांनी मदेरा बेटावरच्या माशावरून मांडली. तिची जवळची प्रजाती ‘सेनेस’. क्युबिसेप्सचं अंग लांबट, सेनेसचं उंच. क्युबिसेप्सचा पाठीवरचा पर छातीच्या पराच्या मागून सुरू होतो, सेनेसचा त्याच्या वर किंवा पुढे.

डीएनए तपासणीनंतर पापलेट आणि ड्रिफ्टफिश हे दोघेही बांगडा-सुरमईच्या मोठ्या गणात गेले. हलवा मात्र वेगळ्या, कॅरँजिड कुळात आहे.

पापलेट तरी एकच आहे का?

पापलेटचं शास्त्रीय नाव वर्षानुवर्षं ‘पॅम्पस अर्जेंटियस’ असं शिकवलं गेलं. हे नाव १७८८ सालचं. पण भारतीय शास्त्रज्ञांनी डीएनए आणि शरीररचना तपासली, तेव्हा आपल्याकडचा पापलेट पूर्व आशियातल्या पापलेटपेक्षा वेगळा निघाला. मग कुव्हिए यांनी १८२९ मध्ये दिलेलं ‘कँडिडस’ हे जुनं नाव पुन्हा वापरात आलं.

नावाने काय फरक पडतो?

बराच पडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा ‘राज्य मासा’ घोषित करण्यात आलं. कारण मासा कमी होतोय आणि पिल्लंही जाळ्यात येतायत. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या, आता पालघरमधल्या सातपाटीचं नाव याच माशावर मोठं झालं. राज्यात पापलेट पकडण्यासाठी किमान लांबी १३५ मिलिमीटर ठरवली आहे. मासा किती लांबीला आणि कोणत्या महिन्यांत अंडी देतो, हे दुसऱ्या जातीच्या आकड्यांवरून ठरवलं, तर बंदी भलत्याच वेळी लागेल आणि पिल्लं वाचणार नाहीत.

बाजारात ओळखायचं कसं?

रंगावर जाऊ नका. शेपटीच्या मुळाशी बाजूने बोट फिरवा. टणक, खरखरीत खवल्यांची ओळ लागली तर तो हलवा. पापलेटची शेपटी तिथे गुळगुळीत असते. आणि तळहातापेक्षा छोटा पापलेट दिसला, तर तो घेऊच नका. त्याने बहुधा अजून एकदाही अंडी दिलेली नसतात.