गिअर कोण टाकणार – तुम्ही की गाडी?

नवी गाडी घ्यायची ठरली की घरात चर्चेला ऊत येतो. रंग कुठला, हप्ता किती, डिकीत सामान किती मावेल, एक ना दोन! आणि मग एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘तू चालवणार असशील तर ऑटोमॅटिकच बरी. उगाच क्लच-गिअरचा घोळ नको.’ बोलणाऱ्याच्या मनात काळजी असते, नाही असं नाही. पण बाईला गाडी हवी ती फक्त मंडईत आणि शाळेत जाण्यापुरती, हेही त्यात गृहीत धरलेलं असतं. मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणींना गाडी चालवायला मनापासून आवडतं. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटातलं वळण नीट साधलं की त्यांची कळी खुलते. हा लेख खास त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते. झोकात गाडी चालवणं म्हणजे भरधाव पळवणं नव्हे. वळणाआधी वेग बेताचा करणं, योग्य गिअर टाकून ठेवणं, चढावर गाडीला धाप लागू न देणं आणि वळण संपताना अलगद वेग घेणं, यात खरी गंमत आहे. ती वेगमर्यादेत राहूनही मिळते. आणि ही सगळी गंमत गिअरवर अवलंबून असते.

गिअर हवेतच कशाला? इंजिनाला हवी तेवढी ताकद प्रत्येक वेगाला देता येत नाही. पहिल्या गिअरमध्ये जोर जास्त, वेग कमी; पाचव्यात वेग जास्त, जोर कमी. हे पहिल्यांदा अंगावर घेऊन अनुभवलं ते एका गृहिणीनंच, बरं का! 1888 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्यानं बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. चढावर गाडी दमायची, मग खाली उतरून ढकलायची. परत आल्यावर त्यांनी सुचवलं, की चढासाठी आणखी एक गिअर हवा. तो पुढे बसवला गेलाही. तेव्हा गिअर ही काही बायकांच्या डोक्यावरून जाणारी गोष्ट नव्हे!

आता हाताच्या गिअरबद्दल. याला मॅन्युअल म्हणतात. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तात्पुरता सुटतो, तेवढ्यात आपण गिअर बदलतो. फायदा असा, की पुढचा चढ आणि वळण आपल्याला दिसत असतं, त्यामुळे आपण आधीच खालचा गिअर टाकून तयार राहू शकतो. गाडी स्वस्त पडते, दुरुस्ती बहुतेक गावांत होते. तोटा ठाऊकच आहे. गर्दीत तासभर अडकलं की डावा गुडघा बोलायला लागतो. आणि क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय असेल तर क्लचप्लेट लवकर झिजते, ते वेगळंच.

ऑटोमॅटिकमध्ये मात्र चार जाती आहेत. शोरूममध्ये सगळ्यांना एकच नाव देतात आणि तिथेच फसगत होते.

पहिली एएमटी. ही मुळात हातगिअरचीच पेटी असते. क्लच आणि गिअर बदलण्याचं काम यंत्र करतं, एवढंच. आपल्याकडे 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून ती आली आणि परवडणारी म्हणून घरोघर पोचली. गावातल्या गावात उत्तम. पण गिअर बदलताना हलकासा झोका बसतो. पुढच्या गाडीला ओलांडताना ॲक्सिलरेटर दाबला तर क्षणभर ‘विचार करून सांगते’ असं म्हणते.

दुसरी सीव्हीटी. हिच्यात ठरावीक गिअरच नाहीत. दोन कप्प्या आणि त्यांवरून फिरणारा पट्टा. चाल लोण्यासारखी मऊ. पण जोरात पिटाळली की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. झोकात चालवणारीला हे फारसं रुचत नाही.

तिसरी टॉर्क कन्व्हर्टर. इथे इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून पुढे जाते. जुना, टिकाऊ प्रकार. पूर्वी सुस्त असायचा, पण नव्या गाड्यांत चांगलाच चलाख झाला आहे. घाट आणि गर्दी दोन्ही वाट्याला येत असतील तर हिचा विचार जरूर करावा.

चौथी ड्युअल क्लच. एका क्लचकडे एक-तीन-पाच हे गिअर, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, त्यामुळे बदल पापणी लवायच्या आत होतो. हातानं कुणालाही इतकं चटकन जमणार नाही. पण किंमत जास्त, दुरुस्ती महाग, आणि यातला कोरड्या क्लचचा प्रकार मुंगीच्या पावलानं सरकणाऱ्या गर्दीत तापतो.

मग वेगाचीच हौस असेल तर हातगिअर कशाला? शर्यतीच्या जगातलं उदाहरण पाहा. 1989 मध्ये फेरारीनं फॉर्म्युला वनच्या गाडीत स्टिअरिंगमागे छोट्या पट्ट्या बसवल्या. बोटानं ओढली की गिअर बदलला. ब्राझीलची पहिलीच शर्यत त्या गाडीनं जिंकली. पण लक्षात घ्या, गिअर कधी बदलायचा हे चालकच ठरवत होता. उलट बाजूचं उदाहरण पोर्शेचं. 2013 मध्ये त्यांनी 911 जीटी3 ही गाडी फक्त ड्युअल क्लचमध्ये आणली. ती वेगवान होती, तरी हौशी मंडळी हातगिअर मागत राहिली आणि 2017 मध्ये कंपनीनं तो परत दिला. म्हणजे घड्याळ एक सांगतं आणि हौस दुसरंच!

माझं म्हणणं एवढंच, की गिअर कुठला असावा हे ठरवण्याची मुभा चालवणारीच्या हाती राहिली पाहिजे. हातगिअरमध्ये ती असतेच. ऑटोमॅटिक घ्यायची तर अधिक-उणे अशी खूण असलेला दांडा किंवा स्टिअरिंगमागच्या पट्ट्या आहेत का, हे आधी बघा.

ही नुसती हौसेची बाब नाही, जिवाची आहे. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वेळी धरत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. ऑटोमॅटिकमध्येही दांडा ‘डी’वर सोडून न देता खालचा गिअर घ्यावा. आणि पेट्रोल वाचेल म्हणून उतारावर न्यूट्रल तर कधीही करू नये. हल्लीच्या गाड्यांत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारं इंधन आपोआप थांबतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळतच राहतं. म्हणजे बचत नाहीच, वर धोका!

चाचणीसाठी गाडी घ्याल तेव्हा स्टिअरिंगवर स्वतः बसा, आणि रोजच्याच चपला घालून बसा. सपाट रस्त्यावरची एक फेरी पुरेशी नाही. जवळचा चढ गाठा, मध्येच थांबा आणि पुन्हा निघा. गाडी मागे सरकते का पाहा. मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात असताना ॲक्सिलरेटर जरा जोरानं दाबा आणि मनात एक-दोन मोजा. दोन म्हणेपर्यंत गाडीनं उचल घेतली नाही, तर घाटात ओलांडताना ती तुमचा भरवसा पाळणार नाही.

निवड सोपी करायची तर असं म्हणता येईल. रोज गर्दीतून जाणं-येणं, गुडघ्याची तक्रार, घाट वर्षातून दोनदा : ऑटोमॅटिक घ्या, कमीपणा मुळीच नाही. मोकळे रस्ते, लहान गाव, चालवण्याची हौस, खर्चाला मर्यादा : हातगिअर घ्या, बिचकू नका. घरात मुलगा-मुलगी शिकायची असतील तर त्यांनाही हातगिअर शिकवून ठेवा, कुठलीही गाडी चालवता येते. दोन्ही सुखं हवी असतील आणि खिसा परवानगी देत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा ड्युअल क्लच. गर्दी रोजचीच असेल तर त्यातही टॉर्क कन्व्हर्टर बरा.

घरातल्यांचा सल्ला जरूर ऐका. पण जी रोज गाडी चालवणार आहे, तिनं चढावर चालवून पाहिल्याशिवाय आगाऊ रकमेचा चेक मात्र देऊ नये.