वृद्धांचा तोल आणि घरच्यांचे कर्तव्य

म्हातारपण हे दुसरे बालपण, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु बालक पडले तर उठून पुन्हा धावते. वृद्ध मनुष्य पडला तर पुष्कळदा खुब्याचे हाड मोडून अंथरूण धरतो. पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे मृत्यू पावतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. त्यांत साठी उलटलेल्यांचा भरणा मोठा.

या भयाने आपल्या आदिलाबादच्या खेड्यांतही मुले-सुना मायेने सांगतात, “आई, तुम्ही बसूनच राहा.” माया खरी, पण उपाय उलटा. डोळे, कानाचा आतला भाग, तळपाय व सांधे यांच्याकडून मेंदूस वर्दी मिळते आणि मेंदू पायांच्या स्नायूंकरवी देह सावरतो. बसून राहिल्याने हे स्नायू क्षीण होतात आणि पडण्याचे भय वाढते.

तोल हा सरावाने सुधारतो. न्यूझीलंडमधील ओटागो येथे ऐंशी वर्षांपुढील स्त्रियांस घरच्या घरी व्यायाम शिकविला गेला. त्यांचे पडणे कमी झाल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झाले. अशा अनेक प्रयोगांचा २०१९ साली एकत्र विचार झाला, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे आढळले. नाचातील ठेक्यावरच्या पावलांनीही हाच सराव घडतो. पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाईचे कनक राजू यांनी गोंडांचे गुस्साडी नृत्य उतारवयापर्यंत जोपासले. त्यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली व २०२४ साली ते निवर्तले.

आमच्या वृद्ध वाचकांनी आठवड्यातून निदान तीन दिवस पुढील अभ्यास करावा. भिंतीजवळ उभे राहून, आधार हाताशी ठेवून, एका पायावर दहा अंक मोजावेत. मग दुसर्‍या पायावर. टाच दुसर्‍या पायाच्या बोटांना लावीत दहा पावले चालावे. भक्कम खुर्चीवरून, जमल्यास हात न टेकता, पाच वेळा उठावे व बसावे. आरंभी घरातील कोणी जवळ असावे. चक्कर येत असल्यास, हृदयविकार असल्यास अथवा पूर्वी पडणे झाले असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे.

घरच्यांनी न्हाणीतील शेवाळ घासावे, रात्री वाटेत दिवा ठेवावा व पावसाळ्यात अंगणातील चिखलावर फरशी टाकावी.

मातापित्यांचा मान राखण्याची चौथी आज्ञा केवळ भाकरी व औषध देऊन पुरी होत नाही. ख्रिस्तसभा २०२१ सालापासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा व वृद्धांचा दिन पाळते. त्या दिवशी त्यांस हार घालावा, हे उत्तम. परंतु एरवी रोज दहा मिनिटे त्यांच्या शेजारी उभे राहून हा अभ्यास करून घ्यावा, हे त्याहून उत्तम. ज्यांनी आपणांस पहिले पाऊल टाकावयास शिकविले, त्यांच्या शेवटच्या पावलांना हात देणे हे आपणां सर्वांचे ऋण आहे.