म्हाकुळांची जिग-मासेमारी

म्हाकूळ अथवा माकूल या नावांनी कोकण किनाऱ्यावर ओळखल्या जाणाऱ्या सागरी प्राण्यांना जिग या काटेरी कृत्रिम आमिषाने दोरीवर पकडण्याची पद्धत. मृदुकाय संघाच्या शीर्षपाद वर्गातील हे प्राणी मासे, कोळंबी इ. भक्ष्य दोन लांब संस्पर्शकांनी झडप घालून पकडतात व आठ बाहूंनी तोंडाशी आणतात. जिगची रचना या सवयीवरच आधारलेली आहे.

जिगचा आकार दोन्ही टोकांना निमुळता किंवा कोळंबीसारखा असतो. त्याच्या खालच्या टोकाला वर वळलेल्या अणकुचीदार तारांची एक किंवा दोन वलये असतात. नेहमीच्या गळाला असते तशी अटकण या तारांना नसते. प्राण्याने आमिषाला विळखा घातला की तारा त्याच्या संस्पर्शकांत रुततात. मात्र दोरी ताणलेली असेल तोवरच तो अडकून राहतो. म्हणून दोरी न थांबता, एकसारख्या वेगाने ओढावी लागते. अटकण नसल्यामुळे नावेवर येताच प्राणी सहज सुटतो व मांस फारसे फाटत नाही.

जपानमध्ये कोळंबीच्या आकाराचे लाकडी आमिष पूर्वापार वापरात आहे. ते हिसक्याने वर खेचून पुन्हा बुडू देतात. झडप बहुधा ते बुडत असताना पडते. यांत्रिक पद्धतीत अनेक जिग लावलेली, तळाशी वजन असलेली दोरी लंबवर्तुळाकार रहाटावर गुंडाळतात. रहाटाच्या आकारामुळे दोरीला आपोआप हिसके बसतात. मासेमारी रात्री प्रखर दिव्यांखाली चालते. म्हाकुळे उजेडाकडे येतात, पण नावेच्या सावलीतील अंधुक पाण्यात थांबून उजेडातील भक्ष्यावर झेपावतात. त्यामुळे दोऱ्या उजेड व सावली यांच्या सीमेवर सोडतात. चांदण्या रात्री दिव्यांचा प्रभाव कमी होतो.

महाराष्ट्रात म्हाकुळे मुख्यतः ट्रॉल जाळ्यांत सापडतात. ही जाळी समुद्रतळ खरवडतात आणि त्यांत इतर माशांची पिलेही येतात. जिगमध्ये हे दोन्ही दोष नाहीत. तथापि दिव्यांनी थवे गोळा करून मोठ्या जाळ्यांनी ते पकडण्यास पारंपरिक मच्छीमारांचा तीव्र विरोध झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी व इतर कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने मासेमारी करण्यास मनाई केली. त्यामुळे परदेशातील दिव्यांची जिग-मासेमारी येथे जशीच्या तशी आणता येत नाही. लहान नावांतून दिव्याविना केलेली हातदोरीची मासेमारी एवढाच मार्ग उरतो.

किनाऱ्यालगतच्या म्हाकुळांचे आयुष्य सुमारे एक वर्षाचे असल्याने पुढील वर्षाचा साठा त्या वर्षी अंडी घालणाऱ्या प्राण्यांवरच अवलंबून असतो. अंडी घालण्यासाठी जमलेले थवे जिगने उपसल्यास निवडक साधनही साठ्याला घातक ठरते. साधनाइतकेच हंगामाचे बंधनही म्हणून महत्त्वाचे आहे.