बोटीवरचा मानवशास्त्रज्ञ

मी मानवशास्त्र शिकवतो. आमच्या विषयाची जुनी रीत अशी, की अभ्यासकाने बाहेरून यायचे, वही उघडायची आणि कोळ्याने, आदिवासीने त्याला माहिती पुरवायची. माहिती देणाऱ्यानेच वही हातात घेतली तर काय होते, हे सांगताना मला चार्ल्स मेन्झीस आठवतात.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्काच्या सीमेजवळ प्रिन्स रुपर्ट हे बंदर आहे. मेन्झीस तिथले, गित्खाला या मूळ रहिवासी समाजाचे. घर मासेमारीचे. सामन पकडणाऱ्या बोटीवर तेही राबले. (सामन म्हणजे आपला रावस नव्हे, बरे का!) न्यूयॉर्कला पीएच.डी. करताना ते फ्रान्समधल्या ल गिल्व्हिनेक बंदरात राहिले, तेही मच्छीमारांमध्येच. जाळे कसे ओढतात, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होते. पुढे ते ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्या वहीचा कस लागला तो अबलोनीच्या प्रश्नात. अबलोनी ही खडकाला चिकटून राहणारी मोठी समुद्री गोगलगाय. गित्खाला तिला ‘बिल्हा’ म्हणतात. तिचे मांस मेजवानीचे, चमकदार कवच मानाचे. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी अगदी खाली गेले, की उघड्या पडलेल्या खडकांवरच्या मोठ्या तेवढ्या अबलोनी ते काढीत. खोल पाण्यात हात पोहोचत नसे, त्यामुळे बीज तिथे शिल्लक राही. १९७०च्या दशकात व्यापारासाठी पाणबुडे उतरले आणि खोलातल्याही अबलोनी निघू लागल्या. साठा इतका घसरला, की १९९० मध्ये सरकारने सरसकट बंदी घातली. पाणबुड्यांचा एक धंदा गेला. गित्खालांची मात्र मेजवानीच बेकायदा ठरली.

मेन्झीस यांनी वृद्धांच्या आठवणी नोंदवल्या. जुन्या वस्त्यांच्या जागी सापडणारी कवचेही पुराव्याला घेतली. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या बिल्हा खात आले आणि तरीही ती टिकून होती, हे त्यांनी मांडले. आठवण सरकारी फाइलीत सहसा पुरावा ठरत नाही. जमिनीतून निघालेले कवच नाकारणे जरा अवघड जाते.

साठा सावरेपर्यंत तोड थांबली पाहिजे, हे जीवशास्त्रज्ञांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. पण ज्यांनी राखले आणि ज्यांनी उपसले, त्यांना एकच नियम लावणे हा न्याय झाला का? तीन दशके उलटून गेली तरी ती बंदी उठली नाही. तेव्हा मेजवानीला बसलेली मुले आता आजी-आजोबा होण्याच्या वयाला आली आहेत.