वामनाला जागा कोण देतं?

डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतला खलनायक सैन्य घेऊन येत नाही. त्याच्यापाशी खजिना नाही, कुणाचा सूडही घ्यायचा नाही. तो लोकांच्या कामाला येतो, आणि तेवढ्या बळावर त्याची पावलं पुढे पडत जातात. मराठीत सत्तेच्या पायऱ्या चढणारे खलनायक पुष्कळ आहेत, पण मला या वामनाइतकी धास्ती दुसऱ्या कुणाची वाटलेली नाही.

कादंबरी १९८६ची. खोदकामात एक पेटी सापडते. हजारो वर्षांपूर्वी आपल्याहून कितीतरी पुढे गेलेल्या एका संस्कृतीनं आपलं ज्ञान त्यात जपून ठेवलेलं असतं. ते उलगडायला पुरातत्त्वज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसतात. त्या माहितीवरून एक यंत्रमानव तयार होतो, तो वामन. तो माणसापेक्षा हुशार आहे, न थकणारा आहे. त्याची खरी ओढ मात्र एकाच गोष्टीकडे आहे: आपल्यासारखे आणखी वामन घडवता यावेत. ते एकदा जमलं की माणसाची गरज संपली. शेवट मी सांगणार नाही, पुस्तक मिळवून वाचा.

नाव वामनच का, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. बटू येतो, तीन पावलं जमीन मागतो. शुक्राचार्य बळीला सावध करतात, दानाचं पाणी सुटू नये म्हणून झारीच्या तोटीत जाऊन बसतात आणि दर्भाच्या टोकानं एक डोळा गमावतात. दान तरीही सुटतं. दिवाळीच्या पाडव्याला आपण बळीचं नाव घेतो, त्याचं राज्य पुन्हा यावं म्हणतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त बळीला न्यायी राजा आणि वामनाला त्याचं राज्य बळकावणारा ठरवलं. म्हणजे वामनाकडे संशयानं बघायची सवय या मातीत आधीपासून होती. नारळीकरांनी नुसतं नाव दिलं आणि निम्मी कथा वाचकाच्या मनात आपोआप उभी राहिली.

नारळीकर केंब्रिजमध्ये फ्रेड हॉएल यांचे विद्यार्थी होते. हॉएलही विज्ञानकथा लिहीत. १९६१ साली बीबीसीवर आलेल्या त्यांच्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’मध्ये अंतराळातून एक संदेश येतो, त्याबरहुकूम संगणक बांधला जातो आणि तो बांधणाऱ्यांवरच हुकूम चालवू लागतो. दोन्ही गोष्टींचं नातं उघड आहे. पण हॉएल यांचा धोका परक्या ताऱ्यांकडून येतो, नारळीकरांचा आपल्या पायाखालच्या जमिनीतून, आपल्याआधी होऊन गेलेल्यांकडून. मला दुसरा अधिक खरा वाटतो. यंत्र उलटण्याची कल्पना त्याहून जुनी, कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकापासूनची. आणि १९६५ साली आय. जे. गुड या गणितज्ञानं तिला नेमकं रूप दिलं: माणसाहून हुशार यंत्र स्वतःपेक्षाही हुशार यंत्र बनवू शकलं, तर माणसाला आणखी शोध लावायचं कारणच उरणार नाही. कादंबरीतला वामन नेमका याच उंबरठ्यावर उभा आहे.

कादंबरी आली त्या काळात मी ठाण्यातल्या एका बँकेच्या शाखेत क्लार्क होते. डोंबिवली ते ठाणे लोकल, लेडीज डब्यात बहुतेक चौथी सीट, आणि मांडीवर १८९३पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचं पुस्तक. बँकांमध्ये संगणक आणण्याची शिफारस रंगराजन समितीनं १९८४मध्ये केली होती. युनियनच्या गेट मीटिंगा व्हायच्या, नोकऱ्या जातील म्हणून घोषणा व्हायच्या. माझं मन मात्र नोकरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत अडकलं होतं, आणि ती मला या कादंबरीनं दाखवली.

महिनाअखेरीला आमचं बॅलन्सिंग असायचं. एकेका खात्याची शिल्लक उतरवून काढायची, बेरीज मारायची आणि जनरल लेजरशी टॅली करायची. फरक निघाला की आधी त्याला ९नं भाग जातो का बघायचं. गेला, तर कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत, १,५४०चे १,४५० केलेत, असा संशय धरायचा. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम शोधत सुटायचं, ती कुठेतरी नावे टाकायच्या ऐवजी जमा पडलेली असायची. आमच्या जुन्या हेडक्लार्कना नुसत्या फरकावरून कोणत्या लेजरात हात घालायचा ते कळायचं.

लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. त्यांनी आमचे उशिरापर्यंतचे महिनाअखेर वाचवले, त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे, कारण घरी लहान मूल होतं. पण दोन-तीन बदल्यांच्या आत ती सगळी विद्या शाखेतून नाहीशी झाली. नव्यानं लागलेल्या मुलामुलींना ती शिकवावी असं कुणालाच वाटलं नाही. यंत्राची बेरीज बरोबरच असायची. फक्त ती बरोबर आहे हे स्वतः पडताळून बघण्याची वाट आमच्यापुरती बुजली.

सत्ता हातातून जाते ती अशी, असं मला ही कादंबरी वाचताना वाटत आलं आहे. आपण कामं सोपवतो, त्यात वावगं काही नाही. सोपवलेलं काम तपासण्याची ताकद गेली की समोरच्याला काही हिसकावून घ्यावं लागतच नाही. शुक्राचार्यांना बटूचं खरं रूप ओळखता आलं, कारण त्यांची स्वतःची विद्या शाबूत होती. नारळीकरांच्या पेटीमागेही अशाच एका हरलेल्या, यंत्रांवर विसंबून बुडालेल्या संस्कृतीची सावली आहे, आणि तिच्या वारसांना ते उशिरा उमगतं.

नारळीकर गेले २० मे २०२५ला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती, आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर दबाव नको म्हणून. कामाची पारख कामावरूनच व्हावी हा आग्रह इतक्या लहान गोष्टीतही ठेवणारा माणूस वामनाची गोष्ट लिहितो, यात मला नवल वाटत नाही.

आमच्या मजल्यावरचा मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. परवा म्हणाला, “मावशी, हल्ली निम्मा कोड एआयच लिहितो, मी फक्त बघतो.”

“बघतोस म्हणजे ओळ न ओळ वाचतोस ना रे?” मी विचारलं.

“रिलीज जवळ आली की नाही जमत.”

त्याला मी ‘वामन परत न आला’ वाचायला दिली आहे. वामनाला पहिलं पाऊल ठेवायला जागा कुणी दिली, ते पान काढून आण, असंही सांगितलं. पेटी उघडली जाते ते पान त्यानं दाखवलं. त्याची बहीण म्हणते, पेटी उघडण्यात काही चूक नव्हती, यंत्र बांधायला घेतलं तिथे बघ. मी बहिणीच्या बाजूची आहे. येत्या रविवारी दोघं पुस्तक घेऊन माझ्याकडे भांडायला येणार आहेत.