निर्वाचनपद्धतिविषयक सार्वमत

लोकप्रतिनिधी कोणत्या पद्धतीने निवडावेत, हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवून त्यांच्या कौलाने त्याचा निर्णय करण्याची प्रक्रिया. सामान्यतः निवडणुकीचे नियम विधिमंडळ ठरविते; परंतु विधिमंडळाचे सदस्य ज्या पद्धतीने निवडून आलेले असतात, ती बदलण्यात त्यांचे हितसंबंध गुंतलेले असतात. या अडचणीवरील उपाय म्हणून विसाव्या शतकात काही देशांनी सार्वमताचा अवलंब केला. भारतात असे सार्वमत झालेले नाही. तथापि महाराष्ट्रातील मतदारांना अनेक मतदानपद्धतींचा आणि गोव्यातील मतदारांना सार्वमताचा प्रत्यक्ष अनुभव आहे. या दोन्ही अनुभवांमुळे विषयाचे स्वरूप स्पष्ट होण्यास मदत होते.

प्रमुख पद्धती : सर्वाधिक मतांच्या पद्धतीत एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडला जातो व सर्वांहून अधिक मते मिळविणारा विजयी होतो, त्याला निम्म्याहून अधिक मते मिळण्याची आवश्यकता नसते. उदा., एक लाख मतांपैकी अ या उमेदवारास ४० हजार, ब यास ३५ हजार व क यास २५ हजार मते पडली, तर अ निवडून येतो. क याच्या मतदारांनी दुसरी पसंती ब यास दिली असती, तर पसंतिक्रमाच्या पद्धतीत क बाद होऊन त्याची मते ब याच्याकडे गेली असती आणि ६० हजार मतांनी ब विजयी झाला असता. मतदार तेच व त्यांची मतेही तीच असताना केवळ मोजणीच्या नियमामुळे निकाल बदलतो. प्रमाणशीर प्रतिनिधित्वात पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. मिश्र पद्धतीत मतदार एक मत आपल्या मतदारसंघातील उमेदवारास व दुसरे पक्षाच्या यादीस देतो. एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीत मतदारसंघ बहुसदस्य असून ठराविक कोट्याहून अधिक झालेली मते, तसेच बाद उमेदवारांची मते पुढील पसंतीकडे वळविली जातात.

महाराष्ट्रातील अनुभव : ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे उदाहरण घेतल्यास एकाच गावात तीन पद्धती नांदत असल्याचे दिसते. बुवापाड्यातील मतदार विधानसभेसाठी व कल्याण लोकसभा मतदारसंघासाठी एकेका उमेदवारास मत देतो. नगरपरिषदेच्या बहुसदस्य प्रभागात जितक्या जागा तितकी मते त्याला असतात. मात्र प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असल्याने एकाच उमेदवारास सर्व मते देता येत नाहीत. तो पदवीधर असून त्याने नाव नोंदविले असेल, तर विधानपरिषदेच्या कोकण विभाग पदवीधर मतदारसंघात तो उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम लिहितो.

या भेदांचे महत्त्व अल्पसंख्य गटांच्या प्रतिनिधित्वात विशेष जाणवते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातील बहुसदस्य मतदारसंघांत संचयी मताची पद्धती होती. तीनुसार मतदार आपली सर्व मते एकाच उमेदवारास देऊ शकत असे. त्यामुळे संख्येने लहान पण संघटित असलेल्या गटाला आपला माणूस स्वतःच्या बळावर निवडून आणणे शक्य होई. या निवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर मुंबई शहरातून विधानसभेवर निवडून आले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत द्विसदस्य मतदारसंघ होते, परंतु मते विभागून देणे बंधनकारक होते. लोकसभेच्या ४८९ जागांसाठी असलेल्या ४०१ मतदारसंघांपैकी ८६ द्विसदस्य व १ त्रिसदस्य होता. अशा मतदारसंघात राखीव जागेवरील उमेदवाराचे भवितव्य मुख्यतः इतर समाजांच्या मतांवर अवलंबून राही. या निवडणुकीत मुंबईतील द्विसदस्य मतदारसंघात आंबेडकरांचा पराभव झाला. पराभवाची कारणे अनेक असली, तरी मत एकवटण्याची मुभा गेल्याने आरक्षणाचा व्यवहारातील अर्थ बदलला, हे नाकारता येत नाही. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले.

संविधान सभेतही हा प्रश्न उपस्थित झाला होता. मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जानेवारी १९४९ मध्ये बहुसदस्य मतदारसंघ व संचयी मत यांवर आधारलेल्या प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली. साक्षरतेचे अल्प प्रमाण आणि शासनाच्या स्थैर्याची गरज या कारणांसाठी आंबेडकरांनी तिला विरोध केला व ती फेटाळली गेली. राष्ट्रपतिपदाच्या व राज्यसभेच्या निवडणुकीसाठी मात्र एकल संक्रमणीय मत स्वीकारण्यात आले.

महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांच्या निवडणुकीचे नियम वारंवार बदलले आहेत. नगराध्यक्षाची थेट निवडणूक २०१६ मध्ये आणली गेली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. महानगरपालिकांच्या प्रभागांतील सदस्यसंख्याही सत्तांतराबरोबर बदलत गेली. हे सर्व बदल विधिमंडळाच्या बहुमताने झाले. ज्यांच्या मताचे मोल त्यामुळे बदलले, त्या मतदारांना विचारण्याची तरतूद कायद्यात नाही.

गोव्यातील जनमत कौल : केंद्रीय कायद्यान्वये घेतलेले गोव्यातील सार्वमत निर्वाचनपद्धतीविषयी नव्हते, परंतु सार्वमताचे गुणदोष त्यात स्पष्ट दिसतात. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल व वेगळेपणासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. प्रचारकाळात शासन निःपक्षपाती असावे, म्हणून दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. वेगळेपणाच्या बाजूने १,७२,१९१, तर विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच मतदारांनी पुन्हा सत्ता दिली. पक्षाची निवड आणि एका विशिष्ट प्रश्नावरील मत या दोन गोष्टी मतदार वेगळ्या ठेवू शकतो, हे यावरून सिद्ध झाले. मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते; स्वतंत्र घटकराज्याचा पर्याय त्यात नव्हता आणि तो दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला. सार्वमतात उत्तर मतदार देतात, पण प्रश्न ठरविणारा दुसराच असतो.

इतर देशांतील सार्वमते : दोनांहून अधिक पर्याय असता प्रश्न कसा विचारावा, याचे उत्तम उदाहरण न्यूझीलंडचे होय. तेथे १९७८ व १९८१ मध्ये कमी मते मिळालेल्या पक्षाला अधिक जागा मिळून सत्ता लाभली. पुढे नेमलेल्या शाही आयोगाने १९८६ मध्ये मिश्र पद्धतीची शिफारस केली. १९ सप्टेंबर १९९२ च्या सल्लादर्शक सार्वमतात दोन प्रश्न होते : प्रचलित पद्धती बदलावी काय आणि बदलल्यास चार पर्यायांपैकी कोणती स्वीकारावी. ८४.७ टक्के मतदारांनी बदलास अनुकूलता दर्शविली व दुसऱ्या प्रश्नात ७०.५ टक्के मते मिश्र पद्धतीस पडली. १९९३ मध्ये प्रचलित पद्धती व मिश्र पद्धती यांत थेट लढत होऊन ५३.९ टक्के मतांनी मिश्र पद्धती बंधनकारक ठरली. तिचा अनुभव घेतल्यानंतर २०११ मध्ये पुन्हा सार्वमत झाले व ५७.८ टक्के मतदारांनी ती कायम ठेवली.

ब्रिटनमध्ये ५ मे २०११ रोजी केवळ पसंतिक्रमाची पद्धती मतदारांपुढे ठेवण्यात आली. प्रमाणशीर प्रतिनिधित्व हा पर्यायच नव्हता. ६७.९ टक्के मतांनी ती फेटाळली गेली. आयर्लंडमध्ये एकल संक्रमणीय मत रद्द करण्याचा सत्ताधाऱ्यांचा प्रस्ताव मतदारांनी १९५९ मध्ये थोडक्या आणि १९६८ मध्ये मोठ्या मताधिक्याने नाकारला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००५ मध्ये ५७.७ टक्के मते बदलाच्या बाजूने पडूनही ६० टक्क्यांची अट असल्याने बदल झाला नाही. २००९ व २०१८ मध्ये मतदारांनीच बदल नाकारला.

मूल्यमापन : निर्वाचनपद्धतीविषयक सार्वमतावर मुख्यतः दोन आक्षेप घेतले जातात. मोजणीचे नियम तांत्रिक असल्याने मतदार त्यांवर मत न देता प्रस्ताव मांडणाऱ्या पक्षावर मत देतो, हा पहिला आणि बहुमताने ठरविलेली पद्धती अल्पसंख्यांच्या प्रतिनिधित्वास बाधक ठरू शकते, हा दुसरा. पहिल्या आक्षेपाचे निरसन तज्ञ आयोग, पुरेसा अवधी व टप्प्याटप्प्याने विचारलेले प्रश्न यांनी बऱ्याच अंशी होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कारण संचयी मतासारख्या तरतुदींचा लाभ ज्यांना होतो, ते संख्येने नेहमीच थोडे असतात. असा निर्णय सार्वमताने झाला, तरी अल्पसंख्यांच्या प्रतिनिधित्वाची हमी संविधानात स्वतंत्रपणे असावी लागते. मात्र हाच दोष विधिमंडळाच्या बहुमतालाही लागू पडतो आणि तेथे निर्णय घेणारे स्वतः त्या निर्णयाचे लाभार्थी असतात.