अलिबागची वेधशाळा आणि चंद्राची काळवंडलेली माती

अलिबागला गेलात तर तिथल्या चुंबकीय वेधशाळेची आठवण ठेवा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती इथे उभी राहिली. सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताचा, जोर वाढला की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र डळमळतं, आणि ते इथल्या नोंदींत उमटतं.

चंद्राला असं क्षेत्र नाही, हवाही नाही. सौरवाऱ्यातले प्रोटॉन आणि बारीक उल्काकण थेट मातीवर आदळतात. मातीच्या प्रत्येक कणावर हळूहळू पातळ लेप चढतो, त्यात धातुरूप लोहाचे नॅनोमीटर आकाराचे ठिपके. मग परतणारा प्रकाश मंदावतो, निळा भाग जास्त घटल्याने तांबूस छटा येते, आणि खनिजं ओळखण्याच्या वर्णपटातल्या खुणा पुसट होतात. आपल्या कोकणी जांभ्याचा लाल रंग गंजाचा, हा प्रकार वेगळाच!

मला सगळ्यात भारी वाटतो तो चंद्रावरच्या ‘वादळांचा महासागर’ नावाच्या काळसर मैदानातला राइनर गॅमा, एक पांढुरका वळसा. तिथल्या खडकांत स्थानिक चुंबकत्व आहे. ते सौरवारा बराचसा अडवतं, म्हणून माती उजळ राहिली असं अनेक संशोधक मानतात. पौर्णिमेच्या आसपास लहान दुर्बिणीतूनही तो दिसतो, नक्की शोधा.